आपोआप आवरलं जाईल, पण आत कोण आहे ते पाहिलं का?

संगणकाच्या कामात एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे : "डेव्हएम लावलंय ना? मग झालं." हे वाक्य अर्धसत्य आहे. उरलेलं अर्धं मी आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर शिकलो.

वाचणाऱ्यांत सगळे संगणकवाले नाहीत, म्हणून आधी थोडं समजावतो. ड्रायव्हर म्हणजे इथे ट्रॅक्टरचा नव्हे. संगणकाला जोडलेल्या उपकरणाशी बोलणारा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात राहणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. उपकरण जोडलं की तो मेमरी घेतो, इंटरप्ट घेतो, क्लॉक घेतो. उपकरण निघालं की सगळं परत करायचं. सहा वस्तू मिळाल्या आणि सातवी मिळाली नाही, तर आधीच्या सहा उलट क्रमाने परत करायच्या. लिनक्समध्ये हे हाताने, 'गोटू'च्या उतरंडीने लिहीत, आणि एखादी वस्तू परत करायची राहून जाई. 2007 साली तेजुन हिओ यांचं 'डेव्हरेस' लिनक्समध्ये आलं. 'डेव्हएम'ने सुरू होणाऱ्या फंक्शनमधून घेतलेली वस्तू उपकरणाच्या खात्यावर लिहिली जाते. ड्रायव्हर उपकरणापासून सुटला की कर्नल ती खाती स्वतःच उलट क्रमाने मिटवतो. सोय उत्तम आहे, यात मला शंका नाही.

आता वजनकाटा. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत होतो. काट्याचा आकडा संगणकात नेणाऱ्या यूएसबी कार्डाचा ड्रायव्हर मी लिहिला होता. सगळीकडे डेव्हएम लावलं होतं, आणि तपासणाऱ्या साहेबांनी शाबासकीही दिली होती. गळीत हंगामात एका रात्री काट्यावरच्या कारकुनाने केबल सैल वाटली म्हणून काढून पुन्हा खोचली, आणि संगणक जागच्या जागी गोठला. मी पोचलो तेव्हा ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो आणि वजन घटतं. ते नुकसान शेतकऱ्याचं. टोळीची मजुरीही त्याच टनावर. कारकून एवढंच म्हणाला, "काय भाई, वायर काढली की मशीन मरतं व्हय?"

मरतं, कारण मी मेमरी उपकरणाच्या खात्यावर लिहिली होती आणि ती वापरत होता दुसराच. वजन वाचणाऱ्या प्रोग्रॅमने माझी डिव्हाइस फाइल उघडून धरली होती. केबल निघाली, कर्नलने नियमाप्रमाणे मेमरी मोकळी केली. प्रोग्रॅम मात्र त्याच पत्त्यावर पुन्हा वाचायला आला. तिथे आता माझं काही उरलं नव्हतं. मालक गाव सोडून गेला म्हणून घर पाडायचं, आणि आत भाडेकरू झोपलेला आहे हे पाहायचंच नाही, असा तो प्रकार. कर्नलची यात चूक नाही. मी सांगितलं तेच त्याने केलं.

दुरुस्ती काही गूढ नव्हती. कर्नलसोबतच येणाऱ्या 'यूएसबी-स्केलेटन' या नमुना ड्रायव्हरमध्ये ती पहिल्यापासून होती. मेमरी साधी घ्यायची आणि तिच्यावर मोजणी ठेवायची. फाइल उघडली की एक वाढवायचा, बंद झाली की एक कमी करायचा. केबल निघाली की 'उपकरण गेलं' अशी खूण करून पुढच्या वाचनाला चूक परत द्यायची. शेवटचा माणूस बाहेर पडला की मग मेमरी मोकळी. जास्तीच्या शेपन्नास ओळी. तेवढ्या वाचवायला आम्ही रांग लावली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : मग जुनी हाताची पद्धतच बरी. मुळीच नाही. अर्धंमुर्धं मिसळणं तर त्याहून वाईट. इंटरप्ट डेव्हएमने घ्यायचा आणि मेमरी 'रिमूव्ह'मध्ये हाताने सोडायची, तर मेमरी आधी जाते आणि इंटरप्ट नंतर सुटतो. मधल्या क्षणी इंटरप्ट आला तर पुन्हा तोच अपघात. नवखी मुलं सरावासाठी जुने ड्रायव्हर डेव्हएमवर नेतात, तेव्हा नेमकं हेच होऊ शकतं.

दुसरा आक्षेप : आता नवी साधनं आली आहेत. खरं आहे. 2022 अखेर कर्नल 6.1 मध्ये रस्ट आली. 2023 मध्ये 6.5 सोबत फंक्शन संपताच वस्तू सोडणारी सोय सी भाषेतल्या कोडलाही मिळाली. पण तिथेही वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवायची असेल तर तसं लिहून सांगावं लागतं. रस्ट तर मालक कोण हे ठरवल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाही. म्हणजे प्रश्न टळलेला नाही, तो आधी विचारला जातो इतकंच.

मराठीतला 'अनामत' हा शब्द 'अमानत'वरून आला. अनामत ठेवलेली रक्कम कोणाची, कधी परत द्यायची आणि तोवर कोणाच्या जबाबदारीवर, हे पावतीवर आधी लिहितात. कर्नलने दिलेली मेमरी हीसुद्धा अनामतच आहे.

नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बंधारा बांधला. पाणी भरलं की नर-मादीच्या सांडव्यांतून ते आपोआप कोसळतं, कोणी दार उघडायला जात नाही. त्याच भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि वरून पाणी वाहत असताना आतला माणूस कोरडा राहतो. आपोआप सोडायची सोय करणाऱ्याने आत कोण बसणार याचा हिशेब आधी केला होता.

म्हणून शिकवणाऱ्यांना आणि कोड तपासणाऱ्यांना माझं सांगणं एकच. 'डेव्हएम लावलं का?' हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला असा विचारा : उपकरण गेल्यावरही ही वस्तू कोणाच्या हातात राहू शकते? उत्तर 'कोणाच्याच नाही' असेल तर खुशाल डेव्हएम लावा. उत्तर माहीत नसेल तर सही करू नका. माझ्या कोडवर ती सही झाली होती, आणि रात्रभर रांगेत शेतकरी उभे होते.