लेखी द्या : एका नागरिक चळवळीचा जाहीरनामा

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की या मसुद्याने गावाला बाजूला सारून व्यक्तीला घटक मानलं आहे. सभागृहातल्या बऱ्याच जणांना ते झोंबलं. आम्हाला ते आजही मान्य आहे. गाव, जात, पक्ष यांचा आधार ज्याने त्याने खुशाल घ्यावा. हक्क मात्र एकेका माणसाचा असतो, आणि तो बजावायचं कामही त्याचंच.

नेमकं तिथेच घोडं अडतं. कुठल्याही कचेरीच्या खिडकीपाशी तासभर उभं राहून पाहा. माणूस अर्ज पुढे करतो. आतून उत्तर येतं, "असं होत नाही", "साहेब मीटिंगला गेलेत", "सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या." अर्ज तसाच परत मिळतो. त्यावर शिक्का नाही, आवक क्रमांक नाही, म्हणजे सरकारदप्तरी तो माणूस आलेलाच नसतो. तोंडी नकाराविरुद्ध अपील कुठे करणार? मग तो भाऊंची चिठ्ठी आणतो आणि तेच काम दुपारच्या चहाआधी होतं. हक्काची वस्तू उपकार म्हणून हातात पडते. त्या उपकाराची वसुली निवडणुकीत होते आणि आपण ती मुकाट देतो.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 सालापासून आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाकारली तर कारण लेखी द्यायचं, वर दोन अपिलं, त्यावर आयोग, कसूर केली तर 500 ते 5000 रुपये दंड. पण मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून. खिडकीवरच अर्ज परतवला की सगळा कायदा बाहेरच्या बाकड्यावर बसून राहतो. म्हणून आमची पहिली मागणी अगदी छोटी आहे. कोणत्याही सरकारी कार्यालयात दिलेला अर्ज, चुकीचा असला तरी, आवक करून घ्यावा आणि पोच तिथल्या तिथे द्यावी. चूक असेल तर तसं लेखी कळवावं.

ही कारकुनी मागणी घेऊन राष्ट्रीय सरकारबद्दल काय बोलणार, असं कोणी विचारेल. दुबळं केंद्र आम्हाला नकोच. सीमा, चलन, रेल्वे, महामारी ही खंबीर सरकारची कामं आहेत. पण ज्याच्या कमरेला तुरुंगाच्या किल्ल्या आहेत त्याने कारण सांगितलंच पाहिजे. हे बंधन सुटलं की काय होतं ते एप्रिल 1976 मध्ये दिसलं. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला सुटकेसाठी उच्च न्यायालयाचं दारही ठोठावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी दिला. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले; पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं गेलं. बहुमतात पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता हे 2017 साली गोपनीयतेच्या खटल्यात त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. मधे एक्केचाळीस वर्षं गेली. कोठडीतल्या माणसाकडे एवढा वेळ नसतो.

त्याच 1976 मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्यं संविधानात घातली. यादी वाईट नाही. पण विरोधक तुरुंगात असताना सरकारने लोकांना कर्तव्यं शिकवावीत, याला काय म्हणावं! आधी कर्तव्य, मग हक्क, हा क्रम आम्हाला मान्य नाही. जबाबदारी मात्र आम्ही घेतो, आणि ती त्या यादीपेक्षा जास्त बोचणारी आहे. चिठ्ठी आणायची नाही, काम अडलं तरी. उत्पन्नाचा खोटा दाखला काढायचा नाही. त्यावर मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाच्या तरी पोराची असते. ग्रामसभेला जायचं. ज्याचं मत आपल्याला अजिबात पटत नाही, त्यालाही विनाकारण उचललं तर ठाण्यात जाऊन कारण विचारायचं. सगळ्यात अवघड हेच, आणि चळवळी इथेच फुटतात हे आम्हाला ठाऊक आहे.

हक्क न बजावल्याने कसा गंजतो, याचा दाखला लांब नाही. महापालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी असं संविधान सांगतं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे घोळ, तारखांवर तारखा; मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. तोवर तीन वर्षांवर प्रशासक कारभार पाहत होता. पाणी चार तास गेलं तर वॉर्ड ऑफिसवर हंडे घेऊन जाणारे आपण, मत गेलं तेव्हा फारसे हललो नाही.

आता माहिती अधिकाराचं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने 2005 च्या कायद्यातलं कलम 8(1)(जे) बदललं आणि 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देण्याची वाट रुंद केली. गोपनीयता हा सरकारपासून नागरिकाला मिळालेला आडोसा आहे. त्याच्यामागे कंत्राटाची फाईल लपणार असेल तर आम्ही भांडू. जुनं कलम परत आणा, ही दुसरी मागणी.

मार्ग सनदशीर. संविधानिक मार्ग खुले असताना बाकीच्या मार्गांना थारा नको, असं आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 ला बजावलं होतं. हे मार्ग नावापुरते नव्हे, खरोखर खुले आहेत की नाहीत हे तपासणं आम्ही आमचं काम मानतो. रास्ता रोको नाही, पुतळे जाळणं नाही. अर्ज, अपील, ग्रामसभेतला प्रश्न, आणि शेवटी न्यायालय.

अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. सभासद व्हायला गेल्या वर्षभरात एखाद्या कार्यालयात दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत दाखवावी लागते. ती नसेल तर कामाच्या कोणत्याही दिवशी आमच्यापैकी एक जण सोबत येईल. अर्ज तुमचा तुम्ही लिहायचा.