पहिली फुल सस्पेन्शन सायकल निवडताना

गेल्या महिन्यात चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ कंबरदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात आले. रक्तातील साखर वाढू लागल्याने मीच त्यांना सायकल चालवण्याचा सल्ला दिला होता. रस्ते खडबडीत, तेव्हा दोन्हीकडे शॉकर असलेली सायकल कमरेला मानवेल, या विचाराने त्यांनी बारा हजारांची एक चकचकीत सायकल आणली आणि तीन आठवड्यांत कंबर धरली. कोणती सायकल व कशी, हे न सांगता सल्ला देण्याची चूक माझी होती. ती येथे सुधारतो.

पुढच्या चाकाप्रमाणेच मागच्या चाकालाही सस्पेन्शन असते, ती फुल सस्पेन्शन सायकल. तिच्या चौकटीचा मागचा भाग सांध्यांवर हलतो, धक्के शोषतो आणि चाक जमिनीला धरून ठेवतो. स्वस्त सायकलीत मात्र मागे साधी स्प्रिंग असते. ती स्वाराच्या वजनानुसार नीट जुळवता येत नाही. प्रत्येक पॅडलबरोबर सायकल डुलते, श्रम वाया जातात आणि सायकलही जड असते. हवेचे शॉक असलेली चांगली सायकल सहसा लाखाच्या पुढे जाते. तेवढी ऐपत नसेल, तर केवळ पुढे सस्पेन्शन असलेली हलकी, दर्जेदार सायकल घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरा विचार वाटांचा. तेल्हाऱ्याभोवती काळ्या मातीच्या सपाट पांदणी आहेत, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी मुरूम व दगडगोटे, आणि सुटीत चिखलदऱ्याचे चढउतार खुणावतात. अशा संमिश्र वाटांना १२० ते १४० मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची वरखाली होण्याची मर्यादा, पुरेशी असते. १६० मिलिमीटरच्या सायकली तीव्र उतारांसाठी असतात. चढणीवर त्या दमवतात. बाभळीच्या काट्यांचा मुलूख असल्याने आत सीलंटचा द्रव भरलेले ट्यूबलेस टायर घ्यावेत. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक एका-दोन बोटांनी लागतात, त्यामुळे लांब उतारावर पंजे आखडत नाहीत. पावसात काळी माती चाकांत गच्च बसते. त्या दिवसांत पांदण टाळावी.

तिसरी आणि डॉक्टर म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे मापाची. चौकट उंचीप्रमाणे निवडावी. हँडल गाठण्यासाठी ताणावे लागत असेल, तर कंबर व मान दुखणारच. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पॅडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. फार वर असेल तर कंबर डावीउजवीकडे हलते. माझ्या रुग्णाचे दुखणे बरेचसे येथेच होते.

त्यानंतर सस्पेन्शन जुळवावे. रोजच्या कपड्यांत, पाठीवरच्या पिशवीसह सायकलवर बसल्यावर मागचा शॉक आपल्या एकूण हालचालीच्या २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. शॉकची हालचाल ५० मिलिमीटर असेल, तर सुमारे १३ ते १५ मिलिमीटर. साठ किलोच्या आणि नव्वद किलोच्या स्वाराला एकच हवा चालणार नाही. हवा भरण्याचा विशेष पंप सायकलीबरोबरच घ्यावा.

एवढे करूनही सस्पेन्शन म्हणजे औषध नव्हे. उतारावर पॅडल समांतर ठेवून, सीटवरून किंचित उठून, कोपर व गुडघे सैल ठेवावेत. हेल्मेट नेहमी घालावे. कंबरदुखीबरोबर पायाला मुंग्या वा अशक्तपणा असेल, चढणीवर छातीत दुखत असेल, तर आधी तपासणी, मग सायकल. उन्हाळ्यात पहाटेच बाहेर पडावे. वान व नरनाळा अभयारण्यांच्या वाटा मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतात. वनविभागाच्या परवानगीवाचून तेथे सायकल नेऊ नये.

त्या गृहस्थांची सीट मी दवाखान्याच्या अंगणातच वर केली. नवी सायकल घेण्यापूर्वी तुम्हीही आपल्या जुन्या सायकलीची सीट एकदा तपासून पाहा.