तिचा रकाना कुठे आहे?

डोंबिवलीतल्या आमच्या बुधवारच्या बैठकीनंतर साठीच्या एक बाई मागे रेंगाळल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, “ताई, ह्यांना ठाण्याच्या एका डॉक्टरांनी हार्मोनचं जेल दिलंय. इच्छा किती वाढली त्याचा कागद हे भरून देतात. माझे गुडघे, माझी झोप, मला हवंय की नकोय, कुणी विचारलंच नाही.”

मैत्रिणींनो, औषधाला माझा विरोध नाही. तपासणीत टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आढळलं, तर उपचार जरूर व्हावेत. उतारवयात कामेच्छा असण्यात लाजण्यासारखंही काही नाही. प्रश्न मोजमापाचा आहे.

अमेरिकेत १२ केंद्रांवर ६५ वर्षं आणि त्यापुढच्या ७९० पुरुषांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१६ साली निष्कर्ष छापून आले. प्रश्नावलीतून इच्छेला गुण दिले गेले. इच्छा थोडी वाढली, पण लैंगिक क्रियेतला फरक वर्षअखेरीस ओसरू लागला. लैंगिकतेच्या चाचणीत येण्यासाठी एक अट होती: महिन्यातून दोनदा संबंधाला तयार असलेली जोडीदार हवी. तिची तयारी ही अट, आणि गुण मात्र पुरुषाच्या उत्तरांना!

स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे र. धों. कर्वे १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’मधून निक्षून सांगत होते. आणि आपला कायदा? २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, सोबत राहणाऱ्या सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. जिथे तिच्या ‘नाही’ला कायद्यातच वजन नाही, तिथे त्याची वाढलेली इच्छा हे निव्वळ औषधाचं यश कसं म्हणायचं?

शिवाय हे जेल त्याच्या अंगावरून तिच्या अंगाला लागू शकतं. तिला मुरुमं, नको तिथे केस येऊ शकतात. जेल लावल्यावर हात धुवावेत, ती जागा कपड्याने झाकावी, एवढं तरी तिला कुणी सांगायला नको?

माझं मागणं साधं आहे. डॉक्टरांनी उपचाराआधी बायकोशी वेगळं, एकटीशी बोलावं. कागदावर तिचाही रकाना असावा, आणि त्यात ‘नको’ लिहिण्याची मुभा असावी.

पण हे आपणही आजवर बैठकीत कुठे बोललो? पुढच्या बुधवारी कल्याणच्या मैत्रिणीही येताहेत. विषय हाच ठेवला आहे. त्या बाई म्हणाल्या, “मी बोलेन. आणि पुढच्या खेपेला ह्यांच्याबरोबर ठाण्यालाही जाईन.”