चालता पट्टा आणि आपली नाडी

गेल्या महिन्यात सिडकोतील एका जिममध्ये मी प्रथमच ट्रेडमिलवर चढलो. आयुष्यभर रुग्णांना ‘रोज चाला’ असे सांगणाऱ्या डॉक्टरला चालण्यासाठी यंत्र लागावे, याचे माझे मलाच हसू आले. परंतु मे महिन्यात आपल्या शहराचा पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळी आठलाच ऊन ज्येष्ठांना सोसेनासे होते. अशा दिवसांत पंख्याखालचा पट्टा हा वाईट पर्याय नव्हे. (१८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने ट्रेडमिल रचली ती तुरुंगातील कैद्यांना राबवण्यासाठी. आज आपण पैसे भरून त्यावर चढतो!)

यंत्राने वय विचारले आणि नाडीचे ‘लक्ष्य’ पडद्यावर दाखवले. मला चिंता वाटते ती या आकड्याची. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या कमाल नाडीच्या ठरावीक टक्क्यांवरून तो काढतात. तो सरासरीचा हिशेब आहे, आपल्या हृदयाचा नव्हे.

माझे एक रुग्ण अडुसष्ट वर्षांचे आहेत. रक्तदाबासाठी ते मेटोप्रोलॉल घेतात. यंत्राने त्यांना १०६ चे लक्ष्य दिले. नाडी ९० च्या पुढे सरकेना, म्हणून ते वेग वाढवीत गेले आणि अखेर घेरी येऊन दांड्यावर कोसळले. सुदैवाने हाड मोडले नाही. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातील औषधे हृदयगती मुद्दाम आवरून धरतात. तेव्हा नाडी कमी दिसली तरी शरीराचे श्रम कमी असतात असे नाही. म्हणून औषध स्वतःहून बंद मात्र करू नका.

आपण आकड्याऐवजी श्वासाकडे पाहावे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढे श्रम पुरेसे. वाक्य अर्ध्यावर तुटू लागले की वेग कमी करावा. छातीवर दाब आला, जबडा वा डावा हात दुखू लागला, घाम सुटला तर तत्काळ थांबून मदत मागावी. हृदयविकाराचा इतिहास असल्यास जिमच्या आधी डॉक्टरांकडे जावे. रुग्णालयात टीएमटी करताना ईसीजी सुरू असतो, डॉक्टर शेजारी असतात. जिममध्ये यांतले काहीही नसते.

वृद्धांना हृदयाइतकाच धोका असतो तो चढण्या-उतरण्यात. पट्टा थांबलेला असताना कडेच्या स्थिर जागेवर उभे राहावे, सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवावी, मगच यंत्र सुरू करावे. शेवटची पाच मिनिटे अगदी सावकाश चालावे; एकदम थांबल्यास रक्त पायांत साचते आणि रक्तदाब उतरतो. मी घाईने उतरलो, तेव्हा पायाखालची फरशीच पुढे सरकते आहे असे वाटले आणि भिंत धरावी लागली. गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल, तर पाठीला टेकू असलेली बैठी सायकल अधिक बरी. इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये, खिशात साखर ठेवावी.

घरच्यांनी पहिले काही दिवस सोबत जावे. आमचे हे रुग्ण आता ताशी तीन किलोमीटरने चालतात. त्यांची सून शेजारी उभी राहून भाजीचे भाव विचारते. उत्तर धापा टाकत आले की तीच वेग कमी करते.