गाण्यांची डिस्क आवरावी का?

लखनौच्या भातखंडे संगीत संस्थेत कधीकाळी शिकलेल्या एखाद्या गृहिणीची कल्पना करा. गुरूंच्या तालमीचे ध्वनिमुद्रण तिच्या जुन्या आयपॉडमध्ये आहे, दुसरीकडे कुठेच नाही. अलीकडे गाणे मध्येच अडखळते. भाचा म्हणतो, "मावशी, डिस्क डीफ्रॅगमेंट करून टाकू!" करू द्यावे का?

हार्ड डिस्कवर सलग जागा नसली, की एकाच गाण्याचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी लिहिले जातात. ते गोळा करून सलग मांडणे म्हणजे डीफ्रॅगमेंट करणे. त्याने संगणकाच्या डिस्कची धावपळ वाचते. प्लेअरचे तसे नाही. २००१ साली आलेल्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ जीबीची डिस्क होती आणि सोबत ३२ एमबीची स्मृती. पुढची गाणी या स्मृतीत एकदम उचलून घ्यायची नि डिस्क थांबवायची, अशी बॅटरी वाचवणारी ही रचना. त्यामुळे तुकडे विखुरलेले असले तरी कानाला ते सहसा जाणवत नाही.

उलट, आवराआवरीत ती चिमुकली डिस्क बराच वेळ अखंड फिरते, तापते. मध्येच वायर निघाली तर फाइली बिघडू शकतात. गाणे अडखळण्याबरोबर टकटक आवाजही येत असेल, तर डिस्क बहुधा झिजली आहे. अशा डिस्कला हा ताण अखेरचा ठरू शकतो.

म्हणून आधी सर्व ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवावे, दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी. आयपॉड नव्या संगणकाला जोडताच 'जुने पुसून नवे भरू का?' असे विचारले गेले, तर नकार द्यावा. आतल्या फाइलींची नावे अगम्य दिसली तरी घाबरू नये; गाण्याचे खरे नाव सहसा फाइलीतच नोंदलेले असते. डिस्क ठणठणीत असेल, तर मग ती पूर्ण रिकामी करून गाणी पुन्हा भरावीत. ती आपोआप बऱ्यापैकी सलग लिहिली जातात. डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवले असेल, तर या खटाटोपाची गरजच नाही.

१९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय उभे करण्यात पुढाकार घेणाऱ्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनीही घराण्याघराण्यांत विखुरलेल्या बंदिशी आधी लिहून घेतल्या, मगच 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत लावल्या. मावशींनीही आधी प्रत काढावी. आवरायला वेळ आहे.