परमुलखातली मास्तरकी



गावात नवा मास्तर आला की आठ दिवस पारावर एकच विषय असतो. कुठला आहे, खोली कुणाकडे घेतली, जेवणाखाण्याचे काय, आणि मुख्य म्हणजे टिकेल का? आज ज्या मास्तरांची हकीकत सांगणार आहे ते समुद्र ओलांडून येतात. ज्या गावात येतात तिथली भाषा त्यांना बहुधा येत नसते. तरी पोरांना शिकवायचे असते. ही हकीकत जपानची.

जपान सरकारने १९८७ साली परदेशी तरुणांना शाळांतून इंग्रजी शिकवायला बोलावण्याची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. आता पन्नासच्या आसपास देशांतली पाच हजारांहून अधिक माणसे त्या योजनेत आहेत. पदवी लागते, विषय कोणताही चालतो. करार एका वर्षाचा, वाढवत गेले तर जास्तीत जास्त पाच वर्षांचा. जाण्याचे विमानभाडे योजनेतूनच मिळते. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकावर, हा त्याचा सहायक. मात्र नेमणूक टोकियोतच मिळेल या भरवशावर राहू नये. भातखाचरांच्या मधले खेडे किंवा मच्छीमारांचे एखादे बेटही वाट्याला येते.

नवे लोक पोहोचतात ते जुलैअखेर किंवा ऑगस्टात. तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुटी असते! वर्ग रिकामे, पण कचेरीत हजर राहायचे. हा बिनकामाचा महिनाच माणसाला खातो. शहाणी मंडळी या दिवसांत सोबत्यांची नावे पाठ करतात, सायकलवरून गाव पालथे घालतात, घरून नेलेला खाऊ कचेरीत वाटतात. खाऊ वाटण्याची रीत तिथे फार मोलाची आहे. आपल्याकडे यात्रेहून आलेला माणूस प्रसाद वाटतो ना, तसेच.

कागदपत्रांत हयगय चालत नाही. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत गावच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. बँकेचे खाते, आरोग्य विमा ही पुढची कामे त्या मागोमाग. विमा असला की दवाखान्याच्या बिलातले साधारण तीस टक्केच आपल्या खिशातून जातात. भाड्याच्या घराला अनामत असतेच, पण कित्येक ठिकाणी मालकाला मानाचे म्हणून वेगळे पैसे द्यावे लागतात, आणि ते परत मिळत नाहीत. पहिला पगार हाती पडायला महिना लागतो. तेव्हा दोन महिन्यांचा खर्च पदरी बांधूनच निघावे.

माळकरी घरातल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथले सार दिसायला भाज्यांचे असते, पण पाणी पुष्कळदा सुकवलेल्या माशाचे असते. ‘मी मांस खात नाही’ एवढे सांगून भागत नाही, ‘मासाही नको, त्याचे पाणीही नको’ असे फोड करून सांगावे लागते. भात मात्र दोन्ही वेळा मिळतो, आपल्या इंद्रायणीपेक्षाही चिकट. काड्यांनी खाता येतो तो त्यामुळेच.

पुढे थंडी येते. पश्चिम किनाऱ्याकडच्या निईगातासारख्या भागात माणूस बुडेल एवढे बर्फ साचते. पुष्कळ घरांच्या भिंती पातळ असतात. खोलीत रॉकेलची शेगडी पेटवतात, आणि बैठ्या मेजाखाली ऊब करून वरून रजई पसरतात. घरची सगळी माणसे त्या रजईत पाय घालून बसतात. एकट्याला मात्र त्या रजईत बसूनही घर आठवते. परतीचे विचार मनात येतात ते याच दिवसांत.

वर्गातली अडचण निराळी. २०२० पासून तिथे तिसरी-चौथीला इंग्रजीची तोंडओळख आणि पाचवीपासून रीतसर विषय आहे. पण प्रश्न विचारला की वर्ग चिडीचूप. येत नाही असे नव्हे, चुकलो तर चारचौघांत हसे होईल हे भय. शिवाय त्यांच्या भाषेत ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नाहीत, आणि शब्दाच्या शेवटी बहुतेक स्वर लागतो. म्हणून ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ होते. आपण तरी ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ केलेच की!

हा अबोला फळ्यापुढे फुटत नाही, तो जेवताना फुटतो. शाळेत दुपारचे जेवण वर्गातच असते. मुले पांढरी टोपी नि झगा घालून स्वतः वाढतात, आणि शिक्षक त्यांच्यातच बसून तेच जेवतो. मग सारी शाळा मिळून झाडलोट करते. जो नवा मास्तर ‘हे माझे काम नव्हे’ म्हणून खुर्चीत बसून राहतो तो परकाच राहतो. जो फडके घेऊन पोरांबरोबर फरशी पुसतो त्याच्याशी पोरे चुकतमाकत का होईना, बोलू लागतात.

असे एकरूप होणे कुठवर जाते पाहा. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची टेलर अँडरसन २००८ साली इशिनोमाकी या किनाऱ्यावरच्या शहरात शिकवायला आली. ११ मार्च २०११ रोजी मोठा भूकंप झाला. शाळेतली मुले सुखरूप पालकांच्या हाती जाईपर्यंत ती थांबली, मग घराकडे निघाली, आणि त्सुनामीने तिला गाठले. वय अवघे २४. तिच्या आईवडिलांनी तिथल्या शाळांना तिच्या नावाने पुस्तके दिली. ती ठेवण्याची कपाटे एका सुताराने घडवली. त्याची तिन्ही लेकरे त्याच लाटेत गेली होती, आणि तिन्ही टेलरच्या हाताखाली शिकलेली होती.

तुमच्या घरातले कुणी अशा कामाला निघाले तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली पैशाची. या योजनेची निवड जपानच्या वकिलातीमार्फत होते, मध्ये दलाल नाही. भारतासाठी त्या वर्षी जागा आहेत का, हे तिथेच विचारावे. दुसऱ्या कुठल्या नोकरीसाठी एजंट आलाच तर केंद्र सरकारकडची त्याची नोंदणी आधी तपासा. ‘नोकरी पक्की’ या तोंडी शब्दावर सातबारा गहाण टाकू नका.

दुसरी मायेची. जपानचे घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे आठ, तेव्हा तिथे साडेअकरा. म्हणून फोन दुपारी चार-साडेचारला करावा. पहिल्या थंडीत पोर फोनवर रडली तर लगेच ‘ये परत’ म्हणू नका, आणि ‘सोस आता’ असेही म्हणू नका. आज काय जेवलीस, कुणाशी बोललीस, एवढे विचारा. एखाद्या दिवशी ती शेजारच्या आजीबाईंनी मुळे आणून दिल्याचे सांगेल. त्या दिवशी समजावे, पोरीचा पाय तिथे रुजला.