अरे ला का रे

जूनचा पहिला पाऊस पडून गेला की अंबाडी नाक्यावर शेवळं येतात. गोणपाटावर जुड्या, शेजारी काकडांचा छोटा ढीग. काकडं न घालता शेवळं शिजवली तर घसा खाजतो, हे विकणारीच सांगते. परवा तिथे एक गाडी थांबली. काच अर्धी खाली आली. "ए बाई, कशी दिलीस?" भाव ऐकून आतला गृहस्थ म्हणाला, "एवढे? रानात फुकटच तर उगवतात!"

"मंग तुम्ही जा रानात," ती जुड्यांवर पाणी शिंपडत म्हणाली. "मी बसते तवर गाडीत."

रिक्षाची वाट बघणारे आम्ही तिघं-चौघं हसलो. काच वर गेली, पण त्याआधी एक वाक्य बाहेर पडलंच : "माज आलाय यांना."

बोलली एकटी, माज मात्र 'यांना'. आणि गंमत बघा, त्याने 'ए' आणि 'दिलीस' म्हटलं, तिने 'तुम्ही'. अरे ला का रे म्हणतात तसं तिने केलंसुद्धा नव्हतं. व्याकरणाने पाहिलं तर दोघांत सभ्य तीच.

उलट उत्तर खालून वर गेलं तरच उलट ठरतं. मागच्या महिन्यात एका कार्यालयात दाखल्याची चौकशी केली, तर खिडकीतून मान वर न करता उत्तर आलं, "बाहेर लिहिलंय, वाचता येत नाही का?" बाहेर काहीही लिहिलेलं नव्हतं. तरी सॉरी मीच म्हणालो. याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही. साहेबांचा मूड नाही म्हणतात.

या पट्ट्यात या हिशेबाला जुना इतिहास आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर उंबरगाव-डहाणूचे वारली वेठीला नाही म्हणू लागले, रोजाचे बारा आणे मागू लागले. जमीनदारांना तो माजच वाटला. पुढे वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण लग्नगडी राहिलेच. लग्नापुरते काही शे रुपये मालकाकडून उचलायचे आणि फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. फिटायचे कसे? वही मालकाची, हिशोब मालकाचा. १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना काढली. अंबाडीहून वज्रेश्वरीच्या पुढे गेलं की उसगाव लागतं, तिथे अशा गड्यांना सोडवायचं त्यांचं काम. लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने १९९९ मध्ये दोघांना पुरस्कार दिला. मला मात्र त्यातला एकच क्षण डोळ्यांपुढे आणावासा वाटतो : जन्मभर 'जी मालक' म्हटलेला गडी, समोर सरकारी अधिकारी, आणि मालकाविरुद्ध तोंडातून काढायचं पहिलं वाक्य. ते उलट उत्तर दिल्याशिवाय कायदा कागदावरून हलत नव्हता.

सगळीच दुरुत्तरं अशी थोर नसतात, हेही कबूल. नाक्यावरचे काही रिक्षावाले सुट्ट्या पैशांवरून जे ऐकवतात, त्यात क्रांती वगैरे काही नाही.

गाडी गेल्यावर मी दोन जुड्या घेतल्या. काकडं किती टाकायची, असं विचारलं.

"रांधतं कोण तुमच्याकडं? तिला इचारा."

आता हसायची पाळी इतरांची होती. तो 'माज' माझ्याही जिभेवर आला होता, गिळला. "बरं, काकडं जरा जास्त घाल," एवढंच म्हणालो आणि रिक्षात बसलो.

'घाल' म्हणालो होतो. 'घाला' नाही. हे लक्षात आलं तेव्हा रिक्षा वज्रेश्वरीच्या वाटेला लागली होती.

— वाटसरू